सासरचं माणूस न्यायला येईपर्यंत

माकुणसार, सफाळे स्टेशन,
शिमग्यानंतरचा गुरुवार, १९६७

ती. येसूवन्सं यांस दमयंतीचा खाली वाकून नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दुःखाच्या पत्रावर घालत नाहीत म्हणतात. पण दुःखाला आता तीन महिने व्हायला आले, आणि मला ते कळून जेमतेम दीड महिना झाला, तेव्हा तुमच्या हिशेबानं चालायचं की माझ्या हे ठरेना. म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुमच्याकडे रीत असेल तसं करून घ्या. तुमचा दमा कसा आहे? तारापूरच्या अणुवीजघराच्या कामाचे सुरुंग अजून उडतात का, आणि उडाले की तुमच्या फळीवरची भांडी अजून खाली येतात का? ट्रकांच्या धुळीनं खोकला वाढतो, तेव्हा अडुळशाचा काढा घेत जा (साखर न घालता. तुम्ही काढ्याच्या नावाखाली पाक पिता, हे मला ठाऊक आहे). मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचते. विधवेनं याहून जास्त बरं असू नये म्हणतात. तुम्ही विसाव्या वर्षापासून या खात्यात आहात, माझी भरती आत्ताची, तेव्हा नियम तुम्हालाच विचारायला हवेत.

पत्राला कारण असं, की तुम्ही बोयसरभर सांगत सुटला आहात असं कानावर आलं : भाऊ गेला, निरोप धाडला, पण बायको तोंड बघायलासुद्धा आली नाही. वन्सं, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. भाऊ गेला, निरोप धाडलात, बायको आली नाही. फक्त मधला एक तुकडा तुम्हाला ठाऊक नाही. तो निरोप बायकोपर्यंत पोचलाच नाही, आमच्या ओटीवर येऊन थांबला. आणि तुमच्या भावाच्या मागे त्यांचं पेन्शन बायकोला मिळायचं, तर ही बाई त्यांची बायको आहे की नाही हे ठरवायला सरकारी माणूस इथवर आला, तेव्हा जो तमाशा झाला तोही तुम्हाला ठाऊक नाही. दोन्ही सांगते. काढा गरम करून बसा.

आधी जुनं थोडं सांगते, कारण तुमची बाजू तुम्हाला पाठ आहे, माझी तुम्ही कधी ऐकली नाहीत. मी माहेरी आले ती बाबा आजारी पडले म्हणून. बाबा चार महिन्यांनी गेले, दिवसपाणी झालं, आणि मी पिशवी भरून दाराआडच्या खुंटीला लावली. आमच्यात माहेरी आलेली बाई आपल्या पायानं परत जात नाही. सासरचं माणूस न्यायला येतं, मग ओटी भरतात, मग ती निघते. आपल्या पायानं गेली तर लोक म्हणतात, माहेरच्यांनी हाकलली. मी वाट बघत बसले. तिकडे तुमच्या बंधूंनी (आता तरी ‘हे’ लिहावं की ‘ते’ लिहावं, त्याचाही नियम कळवा) म्हणे सांगितलं, गेली तशी येईल, आम्ही काही पाठवली नव्हती. झालं. ना भांडण, ना तंटा, ना पंच बसले, ना काडीमोड झाली. ते तिकडे बरोबर, मी इकडे बरोबर, आणि दोन बरोबर माणसांच्या मध्ये बारा-तेरा वर्षं निघून गेली. चुकलेलं माणूस निदान माफी मागायला तरी येतं, बरोबर असलेलं कशाला येईल? पिशवीला दोनदा वाळवी लागली, दोनदा नवी घेतली, कपडे पुन्हा घडी घालून भरले. अजून खुंटीलाच आहे.

मात्र या सगळ्या वर्षांत मी त्यांचं नाव सोडलं नाही. तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते वर्षातून एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं, एवढंच. दर संक्रांतीला मी एकच उखाणा घेत आले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, दमीचा उखाणा आणि पिंपळाखालचा मारुती कधी बदलायचा नाही म्हणायच्या. पण बदलायचा कशाला? लग्नात घेतलेला होता, चांगला होता. वापर कमी, त्यामुळे झिजलाही नव्हता.

आता तुमच्या निरोपाकडे येते. तुम्ही मुरब्याच्या देवूला धाडलंत. तो आला, तेव्हा मी मागे तांदूळ पाखडत होते. ओटीवर माझा भाऊ कृष्णकांत आणि त्याची बायको मंगला होती. मी आतूनच ओरडले, देवू, चहा घेऊन जा रे. तर तो नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला, पायरीवरूनच वळला आणि गेला. वन्सं, मयताचा निरोप आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? आणि चहाला नको म्हणणारा देवू मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हाच समजायला हवं होतं. मी मात्र म्हटलं, पोट बिघडलं असेल मेल्याचं, आणि तांदूळ पाखडत राहिले.

कृष्णकांतानं आणि मंगलानं ठरवलं की मला इतक्यात सांगायचं नाही. त्यांच्या लेकीचं, विजयाचं, लग्न माघात ठरलेलं. व्याही विरारकडचे, सोवळेओवळेवाले, आणि शकुन-अपशकुन त्यांना इतके की मांजर आडवं गेलं तर मांजरासकट घरी परततात. घरात नवी विधवा म्हटल्यावर त्यांनी तिथी पुढे ढकलली असती, कदाचित मुलगीच नाकारली असती. तेव्हा लग्न उरकलं की सांगू, असं त्या दोघांनी ठरवलं. मला सांगा, यात वाईट हेतू कुठे आहे? मीही शोधून दमले. कृष्णकांत तेव्हापासून माझ्याशी फार गोड बोलायला लागला. मला वाटलं, वाडीच्या कागदावर सही हवी असेल.

आणि मध्ये आली संक्रांत. हळदीकुंकू आमच्याच घरी. मी हिरव्या बांगड्या, नथ, गेल्या वर्षीचं लुगडं अशी नटून सगळ्यांत पुढे बसले. मंगला कुंकू लावत आली, तर माझ्यापाशी तिनं बोट जेमतेम टेकवलं आणि कपाळावर मोहरीएवढं टिंब उमटलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, अगं, कुंकवात कसली काटकसर, लाव नीट, नवरा जिवंत आहे माझा. बायका हसल्या. मंगलानं पुन्हा लावलं, रुपयाएवढं. मग मी उखाणा घेतला, वाण घेतलं, तीन लाडू खाल्ले. तुमच्या भावाला जाऊन तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते. वन्सं, ते लाडू अजून माझ्या घशात आहेत.

कळलं ते कासाराकडून. शांताराम कासार तुमच्या तिकडचाच, बोयसरहून इथवर पेटी डोक्यावर घेऊन फिरतो. लग्नघरी चुडे भरायला त्याला बोलावलेलं. विजयाचा चुडा झाला, बाकीच्यांचे झाले, मी हात पुढे केला. त्यानं सवयीनं हात धरला, बोटं दाबली, आणि मग एकदम सोडला, जसा तव्याला लागला. म्हणाला, हिरव्या संपल्या. पेटी भरलेली समोर दिसतेय. मी म्हटलं, मग निळ्या भर. म्हणाला, त्याही संपल्या. मी म्हटलं, शांताराम, मग ही पेटी काय प्रदर्शनाला आणलीस? तो मंगलाकडे बघायला लागला, मंगला जमिनीकडे. मग हळूच म्हणाला, “बाय, महिना होऊन गेला. तुला कोणीच सांगितला नाय?”

मी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यालाच दया आली असेल, म्हणून त्यानं आणखी एक सांगितलं. तुमचे बंधू दर वर्षी संक्रांत झाली की त्याला रस्त्यात गाठायचे. माझी खुशाली विचारायची नाही, निरोप द्यायचा नाही. एवढंच विचारायचे, की माकुणसारला बांगड्या भरल्यास ना, हात कसा आहे, भरलाय की वाळलाय? आणि हा सांगायचा, आहे तसाच आहे, माप बदललं नाही. मी म्हटलं, हे मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलंस? तर म्हणाला, तू कुठं विचारलंस? वन्सं, मी न्हाणीघरात जाऊन दगडावर हात आपटला. बांगड्या फुटल्या, आणि मग मला रडू आलं. खूप रडले. मेलेल्या माणसासाठी रडले असं म्हणवत नाही. मापाची चौकशी करणाऱ्या आणि चार स्टेशनं ओलांडून न येणाऱ्या त्या हट्टी, मूर्ख, जिवंत माणसासाठी रडले. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

लग्न झालं. मला माळ्यावर ठेवलं होतं, नारळ आणि भोपळ्यांच्या शेजारी. व्याह्यांना सांगितलं, आत्याला ताप आहे. मंगला दर पंगतीनंतर वर ताट घेऊन यायची, खाली मान घालून, आणि प्रत्येक ताटात दोन जिलब्या जास्त. तिच्या अपराधाचं माप मी जिलब्यांवरून काढत होते. चवथ्या ताटाला मला तिची कीव आली, पाचव्याला पोट बिघडलं. व्याहीणबाई जाताना म्हणाल्या म्हणे, आत्याबाईंचा पायगुण चांगला, ताप असूनही कार्य निर्विघ्न झालं.

आणि मग चौकशीचे साहेब आले. (खात्याचं नाव लिहीत नाही. पत्रं फोडून वाचतात म्हणे.) तरुण माणूस, घामाघूम, सफाळ्याहून बैलगाडीनं. ओटीवर बसवला, शहाळं दिलं. त्यानं नीट समजावून सांगितलं. कोर्टाची फारकत आहे का? नाही. पंचांनी काडीमोड केली? नाही. तुम्ही दुसरं घर केलंत? (मी नुसतं त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं चष्मा पुसायला घेतला.) मग म्हणाला, “बाई, मग तुम्ही त्यांच्या बायकोच आहात. वेगळं राहिल्यानं बायकोपण जात नाही.” वन्सं, बारा-तेरा वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. माहेरच्यांनी नाही, तुम्ही नाही, ज्यांनी म्हणायचं त्यांनी तर नाहीच. आणि म्हणालं कोण, तर पेन्शनवाला. त्याला मी आणखी एक शहाळं दिलं.

पण पुढे घोडं अडलं. तो म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. आता सांगू कसं? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. घ्यायचं तर उखाण्यात, आणि विधवेनं उखाणा घ्यायचा नाही. मी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा गप्प. त्याची भिवई वर गेली. नाव न सांगणारी बायको त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी (शहरात म्हणे नावानं हाका मारतात). मग म्हणाला, बरं, गावातली चार माणसं सांगू देत, की या बाई अमक्याच्या बायको म्हणून इथे राहत होत्या. बघायला सगळ्या बायका अंगणात जमल्याच होत्या. दर संक्रांतीला मला कुंकू लावणाऱ्या, वाण देणाऱ्या त्याच. आणि वन्सं, एकीनंही हो म्हटलं नाही. “आमाला काय ठावं नाय,” म्हणाली पहिली, आणि मग ओळीनं सगळ्या तेच. मला राग आला, पण त्यांचं बरोबरच होतं. मी त्यांची बायको, असं म्हटलं की मग संक्रांतीला मी त्यांची विधवा होते हेही आलं. आणि आम्ही विधवेला कुंकू लावलं, तिच्या हातून तिळगूळ घेतला, हे सरकारी कागदावर स्वतःच्या नावानं कोण लिहून देईल? त्यापेक्षा दमी कोणाची कोणीच नव्हती, हे सगळ्यांना सोयीचं होतं.

साहेब कागद गुंडाळायला लागला. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, आपण कुणाच्या कुणी नाही असं कागदावर लागलं की झालं. निदान पिशवी तरी रिकामी करता येईल. तेवढ्यात मंगला उभी राहिली. लग्न नुकतंच झालेलं, लेक विरारला, व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय होईल हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. (कृष्णकांत तिचा पदर मागून ओढत होता, तो तिनं सोडवून घेतला.) ती म्हणाली, “ही त्यांचीच बायको. मला ठाऊक होतं ते गेले, तरी मी हिला कुंकू लावलं. हिनं माझ्या घरात नाव घेतलं त्यांचं, दर वर्षी घेते.” आता तुम्ही म्हणाल, मंगला किती चांगली. मीही तेच म्हटलं. नंतर रात्री असंही मनात आलं, की पेन्शन नाही मिळालं तर ही बया जन्मभर आपल्या चुलीपाशी बसेल, असाही विचार तिनं केला असेल. दोन्ही खरं असेल. जिलब्यांत तूपही असतं आणि तेलही.

साहेबानं विचारलं, काय नाव घेतात? मंगलानं उखाणा म्हणायला घेतला आणि घाबरून चुकली. ‘विड्याच्या पानाला चुना लागतो काठाने’, असं काहीतरी भलतंच म्हणाली. आणि वन्सं, इतका वेळ दगडासारख्या गप्प बसलेल्या त्या बायकांना ते काही सहन झालं नाही. अगं नाय गो, असं नाय, करत चार-पाच जणी एकदम उठल्या आणि शाळेत पाढे म्हणावेत तसा माझा उखाणा त्यांनी एका सुरात म्हणून दाखवला :

पानवेलीच्या वाडीत पाणी जातं पाटाने,
दिनानाथरावांचं नाव घेते, येतील गाडीवाटेने.

म्हणून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर साहेबानं एकेकीचं नाव लिहून घेतलं होतं. एकीनं नाव देताना मान खाली घातली, दुसरी म्हणाली, जाऊ दे, सत्य ते सत्य. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीवर मी गेले की कळशा उचलतात. पण त्यांच्या तोंडून तो उखाणा ऐकताना मला पहिल्यांदाच जाणवलं, की तेरा संक्रांती मी काय बोलत होते. येतील गाडीवाटेने. सगळ्या गावाला ते ऐकू जात होतं, फक्त बोयसरला जात नव्हतं.

असो. साहेब म्हणाला, काम होईल. तुमच्याकडून मला काही नको, हे स्पष्ट लिहिते. बोयसरभर जे सांगत फिरता, त्यात फक्त ‘निरोप पोचला नव्हता’ एवढे तीन शब्द घाला, की माझं काम झालं. त्यांचा चष्मा किंवा काठी तुम्हाला लागत असेल तर राहू द्या. सर्वांना यथायोग्य. (तुमच्याकडे आता ‘सर्व’ म्हणजे तुम्ही एकट्याच, हे लिहिल्यावर लक्षात आलं. खोडत नाही.)

तुमची,
सौ. (हे सवयीनं लिहिलं, खोडलं आहे) दमयंती

ता. क. : पालघरला सही द्यायला आणि फोटो काढायला मला यावंच लागणार आहे. विधवेचा फोटो लागतो म्हणे. जन्मात एकच फोटो काढला, तो लग्नातला, आणि त्यात तुम्ही मध्ये उभ्या आहात.

दुसरा ता. क. : साहेबाला मी विचारलं, की ज्या बहिणीनं त्यांना पेज भरवली, रात्री उठबस केली, तिला काय? तो म्हणाला, नियमात बहीण बसत नाही. मी म्हटलं, पाठ फिरवून बसलेली बायको बसते आणि उशाशी बसलेली बहीण बसत नाही, हा कुठला नियम? तो म्हणाला, बाई, नियम मी केलेला नाही. तुमचं भाडं थकलं म्हणून घरमालक खोली ठेकेदाराच्या माणसाला देणार, तुम्हाला वर्षप्रतिपदेपर्यंत मुदत आहे, हे मला शांताराम कासारानं सांगितलं. तो आता मी न विचारताही सांगतो.

तिसरा ता. क. : म्हणून आता खरं ते लिहिते. त्या खोलीचं भाडं पेन्शनमधून सुटेल, आणि दोन म्हाताऱ्यांना खायला लागतं किती. पण मी आपल्या पायानं यायची नाही, वन्सं. इतकी वर्षं नाही आले, ती आता येऊन त्यांचं बरोबर होतं असं ठरवू का? ते तर आता यायचे नाहीत. सासरचं माणूस म्हणून तुम्हीच उरला आहात. मला न्यायला या. ओटी भरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे वेळ लागायचा नाही.

शेवटचा ता. क. : तुमचा गुडघा धड नाही, चार पावलं टाकली की धाप लागते, सफाळ्यापर्यंत येणं तुम्हाला व्हायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तेव्हा असं करा. सोमवारी सकाळच्या गाडीच्या वेळेला बोयसर स्टेशनाच्या फाटकाशी येऊन उभ्या राहा. पिशवी घेऊन मी एकटीच येईन. पण कोणी विचारलं, तर तुम्ही मला न्यायला माकुणसारला आला होतात, असं सांगा. मीही तेच सांगणार आहे.